एकच तार बसवायची होती

आमच्या धंद्यात भूत भेटलं की त्याचं नाव बहुतेक वेळा ‘अर्थिंग’ असतं.

“गिटार आपोआप गुणगुणते हो, तारेला हात लावला की गप्प बसते,” असं सांगत दर महिन्याला एकजण तरी माझ्याकडे येतो. घरचे घाबरलेले, आईने लिंबू-मिरची बांधलेली. मी मागचं झाकण उघडतो, सुटलेली वायर डाग देऊन बसवतो आणि भूत जातं. अशी भुतं मी आजवर डझनाने उतरवली आहेत. त्यामुळे इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी चहाबरोबर वाचायचो आणि खुशाल हसायचो. दोन-तीन जणांची कमेंटमध्ये टिंगलही केली आहे. त्या सगळ्यांची आधी माफी मागतो, कारण आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे.

मी गिटार दुरुस्त करतो. त्याआधी बारा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. मुळशी तालुक्यात, नांदे गावातून चांद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, टाइल्सच्या दुकानाशेजारी माझा गाळा आहे. दहा बाय चौदा. पुढे शटर, मागे कोरी भिंत, खिडकी नाही. शटरला एक कुलूप, त्याची एकच किल्ली आणि ती माझ्या खिशात असते. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी विचारणारच — मीच विचारलं असतं.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी साडेदहाला पांढरा शर्ट, टोपी घातलेले एक काका दारात उभे राहिले. काखेत गिटारची बॅग, लहान मूल धरावं तशी दोन्ही हातांनी धरलेली.

“मास्तर हायेत का?”

“मी मास्तर नाही काका, रिपेअर करतो.”

“त्येच त्ये,” ते म्हणाले आणि बॅग टेबलावर ठेवली. “पोराची हाय. एक तार तुटलीया. तेवढी बसवून द्या. बाकी काय करू नका.”

बाकी काय करू नका, असं सगळेच म्हणतात. डॉक्टरलाही म्हणतात. मी “बरं बरं” म्हणालो आणि संध्याकाळी न्यायला या सांगितलं. त्यांचं नाव बबनकाका. चांद्यात त्यांचं घर, मागे थोडी शेती उरलेली, पुढच्या बाजूला भाड्याच्या खोल्या. पोरगा बाहेरगावी असेल असं मी आपलं धरून चाललो.

आता जरा यंत्राबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या जातीच्या इलेक्ट्रिक गिटारला बॉडीवर दोन धातूच्या पट्ट्या असतात. पहिली ब्रिज, तिच्यावर तारा टेकतात. तिच्या मागे टेलपीस, त्यात तारांची टोकं अडकवलेली असतात. दोन्ही पट्ट्या दोन-दोन बोल्टवर उभ्या असतात. बोल्ट फिरवला की पट्टी वर जाते किंवा खाली. टेलपीस खाली नेला की तारा ब्रिजवरून तीव्र वळतात, बोटाला कडक लागतात. वर घेतला की मऊ लागतात. खाली नेल्यावर आवाज जास्त भरीव येतो की नाही यावर इंटरनेटवर लोक वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडत आहेत... मी त्या वादात पडत नाही. माझा नियम साधा आहे — तार ब्रिजच्या मागच्या कडेला घासता कामा नये, आणि टेलपीस दोन्ही बाजूंनी सारखा हवा.

या गिटारचं मात्र सगळंच उफराटं होतं. जाड तारांच्या बाजूचा बोल्ट पार लाकडापर्यंत पिळलेला, बारीक तारांच्या बाजूचा वर राहिलेला, टेलपीस एका खांद्याने पडलेला. जाड तारा ब्रिजच्या कडेला घासत होत्या, ब्रिज पुढे झुकला होता. मी मनात म्हटलं, घ्या, अजून एक यूट्यूबवर शिकलेला.

माझी एक सवय आहे. कुठल्याही वाद्याला हात लावायच्या आधी सगळी मापं घ्यायची — दोन्ही पट्ट्यांची, दोन्ही बाजूंची — आणि चिकटपट्टीवर लिहून बॅगला लावायची. गिऱ्हाइकाला काम पटलं नाही तर जसं होतं तसं परत करता आलं पाहिजे. बारा वर्षांच्या टेस्टिंगने लावलेली शिस्त, कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. असल्या कचऱ्याची नोंद काय ठेवायची, असं वाटलं मला. नुसता माज, दुसरं काही नाही.

वर उपकार म्हणून फुल सेटअप केला. सहाही तारा नव्या घातल्या, ब्रिज सरळ केला, टेलपीस दोन्हीकडून समान उचलला. लाकूड पुसून चकचकीत केलं. संध्याकाळी बबनकाकांनी गिटार घेतली, माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी अ‍ॅक्टिव्हावरून आली. विशीतली, डोळे सुजलेले. हेल्मेट न काढताच बॅग टेबलावर ठेवली.

“तुम्हाला एक तार सांगितली होती ना?”

“हो, पण सेटअप फार बिघडलेला —”

“बिघडलेला नव्हता. जुन्या तारा कुठायत?”

जुन्या तारा मी कचऱ्यात टाकल्या होत्या आणि कचऱ्याची गाडी आदल्या सकाळीच येऊन गेली होती. तसं सांगितल्यावर ती खाली बसली. स्टुलावर नाही, जमिनीवर. “दादाच्या हाताच्या होत्या त्या,” म्हणाली.

ती बबनकाकांची मुलगी, कोमल. शुभम तिचा मोठा भाऊ. पावसाळ्याच्या सुमारास कामावरून घरी येताना डंपरने त्याला उडवलं, जागच्या जागी गेला. तेवीस वर्षांचा. आणि त्यांच्या आईला ऐकू येत नाही. कोमल पहिलीत असताना आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलतात व्यवस्थित, समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात, पण आवाज म्हणून काहीच पोचत नाही. म्हणजे मुलगा आठवीपासून गिटार वाजवत होता आणि आईने ती कधीच ऐकलेली नव्हती.

“ती हात ठेवायची,” कोमल म्हणाली आणि टेलपीसच्या मागची जागा दाखवली. “हितं, पंजा. दादा वाजवायचा आणि ती डोळे मिटून बसायची. त्यानं एका सुट्टीत दिवसभर बसून ते स्क्रू फिरवले. थोडं फिरवायचा, चार ठोके वाजवायचा, थांबायचा, विचारायचा — लागलं? ती मान हलवायची. पुन्हा फिरवायचा. असं करत करत तिच्या हाताला जसं पाहिजे तसं बसवलंय त्यानं ते. तो गेल्यावर मला जमेल तसं मी वाजवत होते रोज. दोनच कॉर्ड येतात मला, पण तिला चालायचं. परवा हात ठेवला आणि लगेच उचलला. म्हणाली, ‘ह्यो शुभम न्हाई.’ तवापासून ती जेवली नाहीये.”

मला तोंड वर करवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. एका बाईने आपला मेलेला मुलगा जेवढा शिल्लक ठेवला होता, तेवढा मी स्क्रूड्रायव्हरने काढून टाकला होता... आणि माप लिहिलेलं नव्हतं.

“मी करतो परत,” म्हणालो.

त्याच दुपारी अवजारं घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकू पडवीत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. मला बघून रागावल्या नाहीत, उलट कोमलला पाणी आणायला लावलं. मी आठवून आठवून जाड बाजूचा बोल्ट पूर्ण खाली नेला, बारीक बाजूचा वर घेतला. कोमलने वाजवलं. काकूंनी पंजा ठेवला, मान हलवली — नाही. मी अर्धा फेरा दिला. नाही. पाव फेरा मागे. नाही. अडीच तास हे चाललं. बबनकाका खांबाला टेकून बघत उभे होते. शेवटी काकूंनीच हात काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करनार,” त्या म्हणाल्या.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गिटार परत गाळ्यावर आणली. कोमलने शुभमचे जुने व्हिडिओ पाठवले होते, ते थांबवून थांबवून पाहिले. सगळ्यांत त्याचं मनगट टेलपीसवर आलेलं, उंची कळायला मार्ग नव्हता. चेहरा तेवढा स्पष्ट दिसायचा, हसरा पोरगा होता.

आता मुद्द्याचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेलपीस दोन्हीकडून पार खाली नेला होता, सगळं मुळापासून सुरू करू म्हणून. सहाही तारा सुरात लावल्या. गिटार टेबलावर आडवी ठेवली, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायला गेलो. अर्ध्या तासात परत आलो. कुलूप तसंच. दिवा लावला आणि मला टेलपीस वाकडा दिसला.

जाड बाजू लाकडाला टेकलेली. बारीक बाजू उचललेली, बोल्टचे तीन आटे बाहेर.

मीच केलं असेल आणि विसरलो असेन, असं आधी वाटलं. आदल्या रात्री नीट झोप नव्हती. म्हणून ट्यूनर लावला. सहाही तारा तंतोतंत सुरात होत्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल. टेलपीस हलला की तारांचा ताण बदलतो, सूर हलतोच हलतो. मी जेवायला जायच्या आधी सूर लावला होता. त्यानंतर टेलपीस इतका उचलला जातो आणि सूर केसभरही सरकत नाही, हे होऊच शकत नाही. शिवाय ताणलेल्या तारांखाली बोल्ट फिरवायचा तर जोर लावावा लागतो, खाचेत ओरखडा येतो. ओरखडा नव्हता.

टेस्टर माणूस मी. पुन्हा करून बघितलं. टेलपीस सरळ खाली नेला, सूर लावला, दोन्ही बोल्टच्या डोक्यांवर पेन्सिलीने रेघ मारली, फोटो काढला. मग समोर स्टूल घेऊन तासभर बघत बसलो. काही झालं नाही. बाहेर कुरिअरवाल्याने हाक मारली, मी शटरपर्यंत गेलो, सही केली आणि मागे वळलो. फार तर एक मिनिट... बारीक बाजूची रेघ फिरली होती. तीन आटे बाहेर. सूर जागेवर.

टाइल्सवाल्यांच्या कॅमेऱ्यात माझं शटर दिसतं. नंतर मी ते पाहिलं. दुपारी कुणीही आलेलं नाही. पुण्यातल्या एका जुन्या कारागीर मित्राला फोन केला, तो म्हणाला हवेने लाकूड हलतं. लाकूड हलतं हे मलाही माहीत आहे, पण लाकूड बोल्ट फिरवत नाही.

घाबरलो होतो, पण खरं सांगू? आनंदही झाला होता. वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. ज्याचं माप होतं त्यानेच येऊन लावून दिलं, आता मला फक्त गिटार आईपर्यंत पोचवायची आहे. गाडीवर मी देवाचं नाव घेत होतो, जे मी शाळा सुटल्यापासून घेतलेलं नाही.

चार वाजता चांद्यात पोचलो. काकू पडवीतच, सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, निवडत मात्र नव्हत्या. कोमल हळूच म्हणाली, “सकाळी चहा घेतला फक्त.” मी दोघींना काहीच सांगितलं नाही. गिटार कोमलच्या मांडीवर दिली. “बघा आता,” एवढंच म्हणालो.

कोमलने वाजवलं. काकूंनी पंजा ठेवला, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. खूप वेळ गेला. कोमल वाजवत राहिली, तिच्या गालांवरून पाणी येत होतं तरी थांबली नाही. मग काकूंनी डोळे उघडले.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “बास कर, कोमल.”

माझा विश्वास बसेना. कोमलने हात उचलला, तारा थांबल्या. मी पुढे झालो आणि काय चुकलंय हे बघायला तिथेच हात टेकवला, टेलपीसच्या मागे, जिथे काकूंचा पंजा होता.

चार ठोके लागले. लाकडातून, सरळ तळव्याला. तारा स्थिर होत्या, मी डोळ्यांनी बघत होतो. कोमलचे दोन्ही हात ओढणीशी. चार ठोके... आणि मग थांबला. वाट बघितल्यासारखा. मग पुन्हा चार, आधीपेक्षा जोरात. पुन्हा थांबला.

तो विचारत होता.

आणि जिला विचारत होता ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि तिच्या हाताला काहीही लागत नव्हतं. का, ते मला माहीत नाही. त्याचं माप मी मोडलं होतं म्हणून, की त्याला आता हात ओळखू येत नाहीत म्हणून, की आणखी काही. तिसऱ्यांदा ठोके आले, फार जोरात, माझ्या कोपरापर्यंत. मी हात काढून घेतला.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“तुमाला लागलं का काय?”

मी मान हलवली. नाही म्हणालो. “नाही काकू. काहीच नाही.”

तुझा मुलगा आलाय, पण तुझ्या हाताला नाही, माझ्या हाताला — हे आईला कसं सांगायचं, असं वाटलं त्या वेळी. दयाच होती त्यात, पण सगळी नाही. भीतीही होती. मला तो हात पुन्हा तिथे ठेवायचा नव्हता. मी त्यांचा हात उचलून माझ्या हातावर ठेवून बघू शकलो असतो, कदाचित माझ्यातून त्यांना पोचलं असतं. हे सुचलं तेव्हा मी नांद्यात परत येऊन गाडी स्टँडला लावत होतो. परत जायला मला दहा मिनिटं लागली असती आणि मी गेलो नाही. ही गोष्ट मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी काकू जेवल्या. कोमलने मेसेज केला, ‘आई म्हणाली, मग न्हाईच आता. आणि ताट घेतलं.’ दोन दिवसांनी बबनकाका गिटार घेऊन माझ्याकडे आले. “तिनंच सांगितलं. मास्तरकडं ऱ्हाऊ द्या म्हनली.” मला नको म्हणवेना. पुढच्या महिन्यात शुभमची खोली त्यांनी भाड्याने दिली. हिंजवडीत कामाला जाणारे दोघं परप्रांतीय मुलगे राहतात तिथे, काकू त्यांना कधी कधी भाकरी देतात असं ऐकलं.

गिटार माझ्या गाळ्यात, बॅगेत. मी तिला हात लावला नाही. टेलपीस तसाच, तीन आटे बाहेर.

मग एका शुक्रवारी आमच्या चौकात भाजीचा टेम्पो आला होता. मी कोथिंबीर घेत होतो. शेजारी कोणीतरी मेथीची जुडी उलटसुलट करत होतं, बघतो तर काकू. नांद्यात माहेरच्या कुणाकडे आल्या असाव्यात. मी हसलो, त्याही हसल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. इतकी वर्षं ही बाई माणसांच्या तोंडाकडे बघूनच जगली आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“बरा हाय ना त्यो?” त्यांनी विचारलं. पोरगं पाहुण्यांकडे शिकायला ठेवलंय आणि पाहुणे बाजारात भेटलेत, अशा सुरात.

आजूबाजूला माणसं होती. “हो काकू,” मी म्हणालो, “बरा आहे.”

त्यांनी मान डोलावली. मेथी पिशवीत टाकली आणि गेल्या.

मी तडक गाळ्यावर आलो. शटर अर्धं ओढून गिटार बाहेर काढली, मांडीवर घेतली, पंजा ठेवला. काही नव्हतं. सूर तपासला, इतक्या आठवड्यांनंतरही सहाही तारा जागेवर. पुन्हा पंजा ठेवला, दुसरा हात ठेवला, गालसुद्धा लावून पाहिला. घड्याळ लावून पाऊण तास बसलो. नुसतं लाकूड. त्यानंतर रोज बसतो. एकदाही काही लागलेलं नाही.

टेलपीस कसा हलला, सूर का हलला नाही, माझ्या हाताला जे लागलं ते काय होतं आणि ते आता कुठे गेलं — यातल्या कशाचंही उत्तर माझ्याकडे नाही. इथे जाणकार बरेच आहेत, कुणाला काही कळत असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही. पण माझा प्रश्न खरं तर तो नाहीच. काकू आता दर शुक्रवारी टेम्पोपाशी येतात. भाजी चांद्यातही मिळते. बरा हाय ना त्यो, एवढंच विचारतात आणि मी हो म्हणेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहतात. सहा शुक्रवार झाले, मी हो म्हणतो आहे.

उद्या पुन्हा शुक्रवार आहे.